अठ्ठावीस खंडांची देणगी

डॉक्टरांनी बाबांच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली आणि निदान केलं ते आमच्या लोखंडी कपाटाचं. "यांच्या खोलीत जुने कागद, पुस्तकं वगैरे आहेत का?" त्यांनी विचारलं. मी 'तसं काही विशेष नाही' म्हणणार, एवढ्यात हिने, म्हणजे माझ्या बायकोने, 'आहेत ना' म्हणून टाकलं. गेली बावीस वर्षं ती या प्रश्नाची वाट पाहत होती.

कपाटात एका वनस्पतिशास्त्राच्या त्रैमासिकाचे अठ्ठावीस बांधीव खंड होते. वर्षाचे चार अंक मिळून एक खंड, आणि एक खंड म्हणजे दोन्ही हातांनी उचलायचं काम. आत शेवाळं, बुरशी, परागकण आणि पानांवरची लव यांवरून विद्वानांनी एकमेकांशी घातलेले वाद. बाबा काही प्राध्यापक नव्हते. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात ते छत्तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. प्राध्यापकांनी झाडाचं नाव सांगायचं आणि बाबांनी ते झाड डोंगरावरून आणायचं, दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं, अशी विभागात कामाची वाटणी होती. ते निवृत्त झाले त्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि हे अठ्ठावीस खंड एकाच टेम्पोतून घरी आले. घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं. खंडांना काहीही झालं नाही.

खोकला जुन्या कागदांच्या धुळीचा आहे, एकतर कागद हलवा नाहीतर यांना, हे डॉक्टरांचं म्हणणं बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर एकच अट घातली.

"रद्दीत घालायचे नाहीत. कॉलेजच्या ग्रंथालयात पोचव. ते तिथे पोचेपर्यंत मी ही खोली सोडणार नाही."

वय ब्याऐंशी, खोकला असा की शेजारच्या खोलीतल्या कपबशा वाजाव्यात, आणि हट्ट हा. खंड गेल्याशिवाय खोकला जाणार नव्हता आणि ग्रंथालयाने घेतल्याशिवाय खंड जाणार नव्हते. मी म्हटलं, त्यात काय, दोन दिवसांचं काम. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलं आहे तेव्हा तेव्हा तोंडघशी पडलो आहे, पण माणूस अनुभवाने शहाणा होतो असं म्हणणाऱ्यांनी मला पाहिलेलं नाही.

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी एका विमा कचेरीत पत्रव्यवहार विभागात आहे. 'आपला अर्ज अपूर्ण असल्यामुळे परत पाठवण्यात येत आहे' हे वाक्य आमच्या कचेरीत माझ्याइतकं सफाईने कुणी लिहीत नाही. साहजिकच, एखाद्या संस्थेला फुकट ग्रंथ मिळत असताना त्याचं पत्र साधंसुधं कसं चालेल? मी तीन संध्याकाळी बसून मसुदा तयार केला. 'माझ्या वडिलांनी आयुष्यभर पोटच्या पोराप्रमाणे जपलेली ही अमूल्य ग्रंथसंपदा आपल्या संस्थेस देणगीदाखल अर्पण करताना' अशी त्याची सुरुवात होती. शेवटी 'कपाटावर देणगीदाराच्या नावाची एक छोटी पाटी लावल्यास कृपा होईल' असंही सुचवलं होतं. छोटी म्हणजे किती, हे मी त्यांच्या रसिकतेवर सोडलं.

मसुदा हिला वाचून दाखवला. तिने डाळ निवडता निवडता ऐकला.

"पोटच्या पोराप्रमाणे म्हणजे तुमच्याप्रमाणे का?" तिने विचारलं. "तुम्हाला एवढं कधी जपलेलं दिसलं नाही."

बाबांना वाचून दाखवण्याचा मुद्दा तिने काढला होता. मी म्हटलं, त्यांना एकदम समारंभालाच घेऊन जाऊ. ही माझी पहिली चूक.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. आमच्या इमारतीत कुणाच्याही घरी खिळा ठोकला गेला तरी भिंत पेलेल की नाही हे सांगायला ते वर येतात. त्यांनी पत्र डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "भाषा चांगली आहे. पण पाय नाही."

"म्हणजे?"

"तीन प्रती कुठे आहेत? सोबतची कागदपत्रं कुठे आहेत? सरकारी असो, निमसरकारी असो, पत्राला तीन पाय लागतात."

मी तीन प्रती केल्या, रजा टाकली आणि इस्त्रीचा शर्ट घालून ग्रंथालयात गेलो.

ग्रंथपालबाई चष्म्याची दोरी गळ्यात घालून बसल्या होत्या. त्यांनी माझं पत्र वाचलं, म्हणजे पहिली ओळ वाचली, आणि खणातून एक छापील नमुना काढून माझ्यापुढे सरकवला. देणगी स्वीकारण्यासाठी प्रत्येक खंडाची यादी हवी होती: खंड क्रमांक, वर्ष, पृष्ठसंख्या, चित्रांची संख्या, स्थिती. शिवाय कीड नसल्याचा दाखला.

"बाई, मी देतोय," मी समजावून सांगितलं. "मागत नाहीये."

"मागणाऱ्यांना एकच फॉर्म असतो," त्या म्हणाल्या. "देणाऱ्यांचीच जास्त भीती वाटते. मागे एकांनी आजोबांची पुस्तकं दिली. त्यांच्याबरोबर वाळवीही दिली. दोन कपाटं गेली आमची."

"आमच्या घरी वाळवी नाही."

"तेवढंच लिहून आणा कुणाकडून तरी."

मी बाहेर पडलो तेव्हा माझा शर्ट पूर्वीसारखाच कडक होता. आतला माणूस तेवढा चुरगळला होता.

मग यादी. अठ्ठावीस खंड, सरासरी चारशे पानं, आणि पृष्ठक्रमांक प्रत्येक अंकाला नव्याने एकपासून सुरू. मी आठ संध्याकाळी जमिनीवर बसून पानं मोजली. चित्रांची संख्या मोजताना तर अब्रूच गेली, कारण एका चौकटीत सोळा परागकण असले तर चित्र एक धरायचं की सोळा, हे नमुन्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं. बाबा पलंगावर पडल्या पडल्या खोकत आणि मधूनच मार्गदर्शन करत. मी एखादं लॅटिन नाव मोठ्याने वाचलं की ते डोळे मिटत.

"तसं नाही म्हणायचं."

"मग कसं?"

"तू नको म्हणूस. नुसता आकडा सांग."

प्रत्येक खंडाचं पहिलं पान कोरं होतं आणि त्यावर बाबांच्या अक्षरात खंड क्रमांक लिहिलेला होता. पानं जराशी तरंगलेली होती, पण कुठे फाटलेलं नाही की दुमडलेलं नाही. एका खंडात मधल्याच पानावर फिकट जांभळा गोल दिसला. पुढच्या खंडातही दिसला. तो लेख बुरशीवरचा होता, तेव्हा तो त्या बुरशीचाच फोटो असणार असं मी ठरवलं आणि चित्रांच्या संख्येत एक वाढवला. असा मी अठ्ठावीस वेळा वाढवला. सबंध देशाच्या पत्रव्यवहारात इतकी चोख यादी झाली नसेल असं मला तेव्हा वाटत होतं.

राहता राहिला कीड नसल्याचा दाखला. कीटकनाशक फवारणाऱ्या कंपनीचा माणूस पाठीवर टाकी घेऊन आला. त्याने कपाट उघडलं, बॅटरी मारली, दोन खंड आपटून पाहिले आणि निराश झाला.

"यात काहीच नाही," तो म्हणाला.

"तेच लिहून द्या."

"तसं देता येत नाही साहेब. आम्ही मारल्याचं लिहून देतो. नसल्याचं कसं देणार? उद्या निघाली तर?"

म्हणजे दाखल्यासाठी आधी कीड पाळायला हवी होती. मी त्याला चहा दिला, विनवलं, शेवटी हिने तोडगा काढला. "तुम्ही काहीतरी उपाय केलात एवढं तर लिहाल? मग उपाय करू." फवारा मारला असता तर कागद गेला असता. इथे बाबा पलंगावरून म्हणाले, "गोठवा. प्लास्टिकमध्ये बांधून आठ दिवस फ्रीझरमध्ये. अंडीसुद्धा मरतात. विभागात शेवटी शेवटी आम्ही तसंच करायचो."

फवारणीवाल्याला ते पटलं. आमच्या फ्रीझरमध्ये मात्र तीनच खंड मावले, तेही बर्फाचा ट्रे बाहेर काढल्यावर. अठ्ठावीस भागिले तीन, गुणिले आठ दिवस, हा हिशोब मी कॅलेंडरावर केला आणि बाबांचा खोकला ऐकला. अडला हरी म्हणतात तसा मी इमारतीत दारोदार फिरलो. ओव्हरसियरांनी पाच खंड घेतले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सहा घेतले, कारण त्यांचा मुलगा परदेशी असल्यामुळे त्यांचा मोठा फ्रीझर रिकामाच असतो. दोन पाळ्यांत काम संपणार होतं.

पण आमच्या इमारतीत कुणाच्या घरात काही ठेवलं आणि त्याने ते उघडलं नाही, असं होत नाही. तिसऱ्या दिवशी ओव्हरसियर एक गोठलेला खंड काखेत मारून वर आले. त्यात पावावर येणाऱ्या बुरशीचं मोठं करून काढलेलं चित्र होतं.

"हे आम्ही रोज खातो?" त्यांनी विचारलं.

"ताज्या पावावर नसते हो."

"ताजा दिसतोय असं म्हणा. नसते कशावरून?" त्या दिवसापासून त्यांच्या घरी पाव बंद झाला आणि त्यांच्या सौभाग्यवती माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. काकूंचं निराळंच. त्यांनी पानांच्या रोगांवरचा खंड वाचला आणि गॅलरीतल्या कुंड्या एकेक करून माझ्याकडे तपासायला आणू लागल्या. वनस्पतिशास्त्राची अठ्ठावीस पुस्तकं ज्याच्या घरात आहेत त्याला एवढं कळायलाच हवं, असा त्यांचा समज. मी एका कुंडीला 'पाणी कमी घाला' म्हणालो, दुसरीला 'जास्त घाला' म्हणालो. दोन्ही झाडं गेली. तरी काकूंनी खंड परत केले नाहीत, आठ दिवस म्हणजे आठ दिवस म्हणाल्या, आणि एवढ्या गोंधळात तेवढीच एक गोष्ट मला धीर देऊन गेली.

अखेर दाखला मिळाला. यादी झाली. तीन प्रती झाल्या. ग्रंथपालबाईंनी मंगळवारी अकराची वेळ दिली. मी कोट काढला. बाबांनीही त्यांचा तपकिरी कोट काढला, बाह्या झटकल्या, खिशात स्वच्छ रुमाल ठेवला. टेम्पोत पुढे ते बसले, मागे खंडांच्या राशीत मी. मनातल्या मनात मी चार वाक्यांचं भाषण घोकत होतो.

ग्रंथालयात खंड टेबलावर रचले गेले. बाबा खुर्चीवर टेकले. मी घसा साफ केला. बाईंनी माझ्याकडे न बघता पहिला खंड उघडला, पानं झरझर उलटली आणि एका पानावर थांबल्या. मग दुसरा घेतला. तेच. तिसरा घेतला. तेच.

"हे तर आमचेच आहेत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आपलेपणाने म्हणताहेत. मी म्हणालोसुद्धा, "आपलेच समजा."

"समजायचं काय त्यात? सदतिसावं पान बघा." त्यांनी तो जांभळा गोल माझ्यापुढे धरला. पुस्तकाचं पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तक ओळखता यावं म्हणून ग्रंथालयं आतल्या एका ठरलेल्या पानावर गुपचूप शिक्का मारतात, ही माहिती मला त्या क्षणी मिळाली. बाईंनी भिंग दिलं. बुरशीच्या गोलात कॉलेजचं नाव होतं. मी ते अठ्ठावीस वेळा चित्र म्हणून मोजलं होतं, आणि बाई आता माझ्या यादीतला तोच रकाना वाचत होत्या. ज्याचे ग्रंथ त्यालाच अर्पण करायला मी कोट घालून आलो होतो.

कारकुनांनी जुनी नोंदवही आणली. अठ्ठावीसही खंड तिच्यात होते आणि प्रत्येकावर लाल शाईने रेघ होती. शेजारी शेरा: 'पाण्याने नष्ट. निर्लेखित.' खाली समितीच्या पाच सह्या. निर्लेखित म्हणजे ती वस्तू दप्तरातून कायमची गेली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"देणगी म्हणून घेता येत नाहीत, कारण आमचेच आहेत," बाई बोटं मोजत म्हणाल्या. "परत आले म्हणून घेता येत नाहीत, कारण कुणाच्या नावावर दिल्याची नोंद नाही. आणि नोंदवहीप्रमाणे ते अस्तित्वातच नाहीत."

"अहो, ते टेबलावर आहेत."

"तीच तर पंचाईत आहे," कारकून म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली केला, पण इतका नाही की बाबांना ऐकू जाऊ नये. "नष्ट झालेल्या वस्तू कुणाच्या घरातून निघाल्या, म्हणजे त्या बाहेर कशा गेल्या याचा लेखी खुलासा द्यावा लागेल. आठ दिवसांत."

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी सगळ्यात वरच्या खंडाची कड टेबलाच्या कडेशी सरळ लावली आणि दाराकडे चालू लागले. मी अठ्ठावीस खंड पुन्हा टेम्पोत भरले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

घरी आल्यावर मी फार बोललो. इतका खोकणाऱ्या माणसाशी इतकं बोलू नये, पण बोललो. "बाबा, ग्रंथालयाचे होते तर सांगायचं नाही का? मी सगळ्या इमारतीत देणगी देणगी म्हणून सांगत सुटलो. आता चोरीचा माल म्हणताहेत ते."

"मी पोचव म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "देणगी तुझी."

ते खरं होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. हिने मला पाणी दिलं, बाबांना पाणी दिलं आणि मधल्या खुर्चीवर बसून विचारलं, "बाबा, झालं काय होतं?" बावीस वर्षांत हा साधा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

तीस वर्षांपूर्वी, सुट्ट्यांच्या दिवसांत, ग्रंथालयाच्या गच्चीवरची टाकी फुटली. तीन दिवस कुणाला पत्ता नाही. नियतकालिकांची खोली पाण्यात. सुट्टी संपली तेव्हा सगळं मागच्या अंगणात ढीग घालून ठेवलेलं होतं, कचऱ्याची गाडी यायची होती. बाबांनी तेव्हाच्या ग्रंथपालांना विचारलं, 'हे नेऊ का?' ते म्हणाले, 'न्या, जाणारच आहे ते.' कागदावर काही नाही. बाबांनी हातगाडीवरून नेता आले तेवढे एक्केचाळीस खंड विभागात नेले.

"झाडं दाबायच्या लाकडी फळ्या होत्या," बाबा म्हणाले. "दोन फळ्या, मध्ये टिपकागद, वरून पट्टे आवळायचे. त्यातच घातले. दहा दहा पानांमागे एक टिपकागद. रोज काढायचा, कोरडा घालायचा. कॉलेज सुटल्यावर थांबायचो. चार महिने लागले. तेरा खंड नाही वाचले."

मला ते चार महिने आठवले. मी तेव्हा नव्याने नोकरीला लागलो होतो आणि बाबा रोज उशिरा का येतात यावरून आई त्यांच्याशी भांडत असे.

"मग परत का नाही केलेत?" ही म्हणाली.

"दोनदा घेऊन गेलो. म्हणाले, निर्लेखन झालंय, घेता येत नाही, नवे ग्रंथपाल आले की बघू. तेवढ्यात मी निवृत्त झालो. विभागात ठेवले असते तर कुणी रद्दीत घातले असते. म्हटलं, चार दिवस घरी राहू देत." त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, "माझे कुठे आहेत ते? सांभाळायला होते माझ्याकडे."

मी उठून गॅलरीत गेलो. तिथे काकूंची एक मेलेली कुंडी होती, तिच्याकडे बघत उभा राहिलो. छत्तीस वर्षं ज्या कॉलेजात त्यांनी टाचणी इकडची तिकडे केली नाही, तिथे माझ्या एका भारदस्त पत्रामुळे त्यांना खुलासा द्यावा लागत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर नव्हताच, आणि संन्याशाला धरून नेणारा मीच होतो.

मी खुलाशाचा मसुदा करायला बसलो. बाबा म्हणाले, "तुझी भाषा नको. मी लिहितो." त्यांनी तीन ओळींत हकीकत लिहिली आणि खाली तक्ता काढला. खंड नऊ: दाब एकोणीस दिवस, टिपकागद एकोणीस वेळा. खंड चौदा: दाब एकतीस दिवस, टिपकागद बासष्ट वेळा, शेवटची सहा पानं गेली. असे अठ्ठावीस खंड, आणि न वाचलेले तेराही. हे सगळं त्यांच्या जुन्या डायरीत होतं.

तो कागद घेऊन मी गेलो. या वेळी साध्या शर्टात. ग्रंथपालबाईंनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि तक्त्यातली प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. मग चष्मा काढून दोरीला सोडून दिला.

"हा खुलासा मी मान्य करते," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर काही येणार नाही, तसा शेरा आत्ताच मारते. पण खंड मला घेता येणार नाहीत. निर्लेखन रद्द करायला त्याच समितीची शिफारस लागते. पाचातले तीन सदस्य आता हयात नाहीत."

"मग ते कुठे नेऊ? बाबा खोली सोडत नाहीत हो. डॉक्टर मला बोलतात."

"वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांना भेटा," त्या म्हणाल्या. " ग्रंथ म्हणून नको, नुसते दाखवा. आणि हा तक्ता दाखवा."

हा सल्ला ऐकून ओव्हरसियर म्हणाले की त्यापेक्षा फाटकापाशी ठेवून द्या आणि रिक्षाने निघून या. मला तो मोह झाला, हे कबूल करतो. पण बाबांनी कोट आधीच घातलेला होता आणि खंड पुन्हा टेम्पोत चढले होते.

विभागप्रमुख चाळिशीतल्या बाई होत्या, बाबांच्या निवृत्तीनंतर आलेल्या. त्यांनी तक्ता वाचला नाही. आधी खंड उघडला, पान दिव्याकडे धरलं, त्यावरून तळवा फिरवला.

"तीन दिवस पाण्यात होतं हे?"

"हो," बाबा म्हणाले.

"आणि शाई फुटली नाही."

"टिपकागद आधी गरम करून घ्यायचा. पण फार गरम नाही."

मग त्या दोघांचं टिपकागदावर जे बोलणं सुरू झालं त्यात मला अर्धा तास कुणी विचारलं नाही. शेवटी मीच खाकरून म्हणालो, "पण नोंदीचं कसं? हे निर्लेखित आहेत."

"ग्रंथालयातून आहेत," बाई म्हणाल्या. "आमच्या हर्बेरियममध्ये थोडेच आहेत?" हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं दप्तर. त्यांनी तिथली नियमावली काढली आणि मला दाखवली: दाबून वाळवलेला कोणताही वनस्पतिजन्य नमुना, चिठ्ठीसह. "कागद कशाचा होतो? वनस्पतीचाच. दाबलेला आहे, वाळवलेला आहे. कीड नाही ना?"

मी दाखला काढला. तीन प्रतींत होता. आयुष्यात प्रथमच माझा एखादा कागद कुणी कौतुकाने पाहिला.

त्यांनी अठ्ठावीस चिठ्ठ्या मागवल्या. वाळवलेल्या प्रत्येक झाडाच्या कागदावर कोपऱ्यात लावतात तशा: नमुना, कुठे सापडला, केव्हा, कुणी गोळा केला. त्यांनी पहिली चिठ्ठी पुढे घेतली आणि बाबांना विचारत विचारत लिहू लागल्या. ठिकाण? ग्रंथालयामागचं अंगण. स्थिती? भिजलेली. तारीख बाबांना पाठ होती.

"गोळा करणारे?"

बाबांनी क्षणाचाही वेळ न लावता त्यांच्या जुन्या प्राध्यापकांचं नाव सांगितलं.

बाईंचा हात थांबला. "सर होते तिथे?"

"नाही. ते गावाला गेले होते."

"मग त्यांचं नाव कसं?"

"इथे त्यांचंच लिहितात," बाबा म्हणाले, समजावून सांगितल्यासारखं. भिंतीला लागून लोखंडी कपाटं होती, आत हजारो कागद होते. त्यातली निम्मी झाडं बाबांनी डोंगरावरून आणली होती, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यांपैकी एकाही कोपऱ्यात त्यांचं नाव नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मला पाटी हवी होती, आणि तीही माझ्या अंदाजाने छोटी.

बाईंनी पेन बाबांपुढे ठेवलं आणि चिठ्ठी त्यांच्याकडे वळवली.

बाबा बराच वेळ त्या रिकाम्या ओळीकडे बघत राहिले. मग रुमालाने बोटं पुसली आणि स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, ओळीला टेकवून. ती चिठ्ठी त्यांनी वाळायला बाजूला ठेवली आणि दुसरी ओढली. प्रत्येक चिठ्ठी ते आधी सबंध वाचत, मग नाव लिहीत, मग फुंकर घालत. बाई तासाला गेल्या. मी स्टुलावर बसून होतो. माझी अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती, टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता. नववी चिठ्ठी झाली तेव्हा मला राहवलं नाही.

"बाबा, द्या इकडे," मी म्हणालो. "उरलेल्या मी पटपट लिहून टाकतो."

"नको," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "आता कुठे हात बसतोय."